न वाटणारा आनंद कुठून आणू?

प्रश्न : सिस्टर, तीन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत आणि त्यांचं सगळं मीच करते. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे आनंदाच्या रविवारी, फादर म्हणाले की ख्रिस्ती माणसाचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसला पाहिजे. मिस्सा संपल्यावर एका बाईंनी मला थांबवून विचारलं, "तुमचा चेहरा नेहमी असा उतरलेला का हो?" मी रोज प्रार्थना करते. देवावर माझा राग नाही. पण आनंद वाटत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का? आणि जे माझ्याकडेच नाही ते दुसऱ्याला कुठून देऊ?

उत्तर : ताई, तुमच्या मनात रुतलेला काटा आधी काढू या. तुमचा विश्वास कमी पडत नाही. तीन वर्षं रात्री दोनदा-तीनदा उठून दुसऱ्याची कूस बदलून देणाऱ्या बाईला झोप कमी पडते. चेहरा उतरतो तो त्यानं.

आता माझीच एक चूक सांगते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या वॉर्डात मी सव्वीस वर्षं काम केलं. सुरुवातीच्या दिवसांत मी फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजाचं, आपल्या बाळ येशूच्या तेरेजाचं, आत्मकथन वाचलं होतं. तिच्या मठात एक भगिनी होती. तिचं बोलणं, वागणं, स्वभाव, काहीच तेरेजाला रुचत नसे. तेरेजानं ठरवलं की सगळ्यात आवडत्या माणसाशी वागावं तसं हिच्याशी वागायचं. ती तिच्यासाठी प्रार्थना करी, तिची लहानसहान कामं करी, आणि उलट उत्तर तोंडाशी आलं की हसून विषय बदली. एके दिवशी त्या भगिनीनंच विचारलं, की माझ्यात तुला एवढं काय आवडतं, दिसले की तू हसतेस?

हे वाचून मीही हसायचं ठरवलं. वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक निवृत्त शिक्षक होते, फार कडवट झालेले. रोज सकाळी मी हसतमुखानं त्यांच्यापाशी जाई. पंधराएक दिवसांनी ते म्हणाले, "सिस्टर, ते हसू दाराबाहेर ठेवून या." मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी हसण्याचं बळच नव्हतं. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "गुरुजी, आज माझे पाय फार दुखताहेत." त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, रात्रपाळी होती का विचारलं, आणि हात उचलून दुसऱ्या स्टुलाकडे बोट दाखवलं : त्यावर पाय ठेवा. त्यानंतर रोज मी दिसले की आधी माझ्या पायांची चौकशी. महिन्यानं ते शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागले.

पुष्कळ वर्षांनी मला उमगलं की माझं हसू माझ्यासाठीच होतं, चांगली सिस्टर दिसण्यासाठी. तेरेजा त्या भगिनीच्या अंतःकरणात लपलेल्या येशूकडे पाहून हसत होती. तिनं तसं लिहिलंच आहे, मी मात्र घाईघाईनं वाचलं होतं.

आणि ताई, तेरेजाची ओंजळ भरलेली होती म्हणून ती देत होती असंही नाही. १८९६ च्या पुण्य शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या रात्री क्षयानं तिच्या तोंडातून प्रथम रक्त आलं आणि त्याच ईस्टरच्या दिवसांत तिच्या मनातला श्रद्धेचा उजेड मावळला. ती तेवीस वर्षांची होती. ३० सप्टेंबर १८९७ ला मरण येईपर्यंत, दीड वर्ष, तो अंधार फारसा हटला नाही. त्या काळात ती स्वर्गसुखाची गीतं लिहीत होती, आणि कबूल करत होती की त्यातला आनंद मला मुळीच जाणवत नाही, ज्यावर विश्वास ठेवावासा वाटतो तेच मी गाते. शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, ख्रिस्तसभेनं हिलाच धर्माचार्य, म्हणजे श्रद्धेची थोर शिक्षिका, म्हणून मान दिला. तुमच्या चेहऱ्याचा हिशेब मागणाऱ्या कुणालाही हे सांगता येईल.

आसिसीचे संत फ्रान्सिस तर आनंदाचं दुसरं नावच. पण सूर्यबंधूचं आणि चंद्रभगिनीचं त्यांचं स्तोत्र जन्मलं कसं? १२२५ साली इटलीत आसिसीजवळ सान दामियानोला ते आजारी पडून होते. डोळे इतके बिघडले होते की दिवसा उजेड सोसत नसे आणि रात्री शेकोटीचा जाळही नाही. निजायच्या जागी उंदीर सुखानं झोपू देत नव्हते. ज्याच्याकडे डोळे उघडून पाहता येत नव्हतं त्या सूर्याला त्यांनी तिथे भाऊ म्हटलं. पुढे आसिसीचे बिशप आणि नगरप्रमुख यांच्यात मोठं वैर पेटलं. फ्रान्सिस उठू शकत नव्हते, त्यांनी त्या स्तोत्रात क्षमेचं एक कडवं जोडलं आणि दोघांपुढे ते गायला आपल्या बंधूंना धाडलं. ऐकता ऐकता नगरप्रमुखांचे डोळे भरून आले आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. अंथरुणावरच्या माणसानं दुसऱ्याच्या घरी पाठवलेला तो आनंद होता.

म्हणून मला तुमच्या यजमानांविषयी विचारायचंय. दिवसभरात ते तुम्हाला काय देतात? त्यांना देऊ दिलं जातं का? त्यांच्याशी बोलताना "काही नाही, मी ठीक आहे" असं म्हणत असाल तर एकदा खरं सांगून बघा. बोलता येत नसेल तर त्यांचा चांगला हात तुमच्या डोक्यावर ठेवू द्या. रात्री दिवा मालवण्याआधी त्यांनी तुमच्यावर क्रुसाची खूण करावी, एवढं काम त्यांच्याकडे सोपवा.

संत पौल गलतीकरांना पवित्र आत्म्याचं फळ सांगतात तेव्हा पहिला शब्द प्रीती हा आहे आणि आनंद दुसरा. पहिलं तुमच्या घरात तीन वर्षं रोज घडतंय. दुसरं फांदीतून ओढून काढायचं नसतं.

आणि चर्चबाहेर भेटलेल्या त्या बाईंना पुढच्या रविवारी तुम्हीच थांबवा. विचारा, "आठवड्यातून दोन तास आमच्या घरी यांच्यापाशी बसाल का? मला झोपायचंय." कदाचित येतील. माझ्या अनुभवात अशी माणसं बहुतेकदा येतात.

प्रश्न : मी एकवीस वर्षांचा आहे. युवक मंडळात मी सगळ्यांना हसवतो. एका ज्येष्ठ सभासदांनी मला सुनावलं की धर्माच्या कामात असला पोरकटपणा शोभत नाही. संत गंभीर असतात ना?

उत्तर : अरे, संत फिलिप नेरी तुला कुणी भेटवले नाहीत वाटतं! जन्म फ्लॉरेन्सचा, १५१५ चा. आयुष्य गेलं रोममध्ये. आधी बरीच वर्षं साधा प्रापंचिक माणूस म्हणून, १५५१ पासून धर्मगुरू म्हणून. रस्त्यात, दुकानांत तरुणांना गाठून गप्पा मारायचे, इस्पितळांत आजाऱ्यांची सेवा करायचे, तासन् तास पापनिवेदन ऐकायचे. रोमच्या सात मोठ्या चर्चची पायी यात्रा त्यांनी गाण्याबजावण्यासह, वाटेत एकत्र जेवत, सहलीसारखी केली. लोक आपल्याला संत म्हणायला लागलेत असं दिसताच ते अर्धीच दाढी करून चारचौघांत गेले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. फ्रान्सिस झेवियर आणि इग्नेशियस लोयोला यांच्यासह त्याच दिवशी, १२ मार्च १६२२ ला, त्यांना संतपद मिळालं.

आणि मुलांचे संत डॉन बॉस्को? ते लहानपणी दोरीवर चालायला आणि हातचलाखीचे खेळ करायला शिकले होते. खेळ बघायला जमलेल्यांना आधी जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावत. किएरीला शिकत असताना, १८३२ च्या सुमारास, त्यांनी सोबत्यांचं 'आनंद मंडळ' काढलं. त्याचे नियम थोडेच : ख्रिस्ती माणसाला न शोभणारं बोलायचं-करायचं नाही, आणि अभ्यास व धर्मकर्तव्यं नीट पार पाडायची.

तरी त्या ज्येष्ठांचं म्हणणं झटकून टाकू नकोस. फिलिप यांच्या थट्टेत मान खाली जायची ती त्यांची स्वतःची. तुझ्या विनोदावर सगळे हसतात तेव्हा गप्प कोण बसतो, हे महिनाभर बघ. कुणी तोतरं बोलणारं, कुणी जाडं, कुणी मंडळात नवीन आलेलं. असा एक जरी सापडला तर त्याच्याकडे जा, माफी माग, आणि पुढच्या कार्यक्रमात त्याला तुझ्या शेजारी बसव. कुणीच सापडला नाही, तर हसवत राहा. मंडळाला तुझी गरज आहे.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. तिला पुनरुत्थानाच्या आनंदाविषयी कसं सांगू?

उत्तर : आत्ता सांगू नका. मरण पावलेल्या आपल्या मित्राला, लाजरला, आपण पुन्हा जिवंत उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं, तरी थडग्यापाशी जाताना तो रडला. पौलही रोमकरांना लिहितात की आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. तुम्ही जाऊन बसा. पडलेले कपडे धुवा, थोरल्या भावंडांना शाळेत पोचवा. पुनरुत्थानाविषयी तिनं स्वतः विचारलं तर तुमचा जेवढा विश्वास आहे तेवढंच बोला, पाठ केलेलं नको.

महिना-दीड महिन्यानं बाकीचे यायचे थांबतील, तेव्हा जात राहा. मुलाचं नाव घ्यायला घाबरू नका, त्याच्या गमती आठवत असतील तर सांगा. आणि त्याच्या वाढदिवसाची तारीख आजच वहीत लिहून ठेवा. त्या दिवशी सकाळीच तिच्या दारात उभ्या राहा.