बॅकअप अर्ध्यावरच अडतो

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यात कृषी विद्यालयात शिकवते. मूडल या ऑनलाइन कोर्सच्या सॉफ्टवेअरवर कपाशीच्या किडींचा कोर्स तयार केलाय, त्यात गुलाबी बोंडअळीचे शेतात काढलेले व्हिडिओ आहेत. संस्था नवा सर्व्हर घेतेय, म्हणून कोर्स तिकडे न्यायचाय. पण बॅकअप लावला की पट्टी अर्ध्यावर थांबते, मग पांढरी स्क्रीन. तीनदा झालं. आमच्या गावचं नेट खराब म्हणून होतं का?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, नेटला उगाच शिव्या देऊ नका. बॅकअपची ती एमबीझेड फाईल तुमच्या कॉम्प्युटरवर बनतच नाही, सर्व्हरवर बनते. पांढरी स्क्रीन आली की बहुतेक वेळा तिथली मेमरी किंवा ठरवून दिलेला वेळ संपलेला असतो, नाहीतर डिस्क भरलेली असते. फाईल आधी टेम्प म्हणजे तात्पुरत्या फोल्डरमध्ये तयार होते, म्हणजे कोर्सएवढी जागा आणखी लागते. आमचा सर्व्हर सांभाळणारा पोरगा एकदा अख्खी दुपार शोधत बसला आणि शेवटी म्हणाला, "जागाच नाई उरली ना जी!"

तुमचा खरा भार व्हिडिओंचा आहे. बॅकअपच्या दुसऱ्या पायरीवर सगळ्या घटकांची यादी येते. तिथे व्हिडिओंवरची खूण काढा आणि पुन्हा लावा. झाला, तर व्हिडिओ वेगळे कॉपी करून न्या. तरी अडला, तर अर्ध्या घटकांची खूण काढा, मग उरलेल्यांतल्या अर्ध्यांची. ठिबकची नळी कुठे चोंदली ते आपण असंच शोधतो. एखादीच बिघडलेली प्रश्नमंजूषा सगळा बॅकअप अडवून बसलेली मी पाहिलीय.

अ‍ॅडमिनला असिंक्रोनस, म्हणजे पडद्यामागे चालणारा बॅकअप चालू करायला सांगा. मग लाइट गेली काय नि ब्राउझर बंद झाला काय, काम मागे चालू राहतं. मात्र ते क्रॉनच्या, म्हणजे सर्व्हरवर ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीच्या भरवशावर असतं. क्रॉन बंद असेल तर बॅकअप नुसता रांगेत पडून राहतो, एररसुद्धा दिसत नाही.

माझी फजिती सांगतो. बॅकअप संपताना काही फाइली सापडल्या नाहीत अशी सूचना आली होती. मी घाईत 'पुढे' दाबलं. नव्या सर्व्हरवर पानांवरचे ठिपके ओळखायचा पेपर उघडला, तर प्रश्न आहेत आणि फोटो गायब! तोवर जुना सर्व्हर पुसलेला. पोरांनी ठिपके मनानेच ओळखले.

म्हणून जुन्याला हात लावण्याआधी नव्यावर प्रत्येक पेपर उघडून बघा. तिथलं मूडल जुन्या आवृत्तीचं नसावं. नव्या आवृत्तीतला बॅकअप जुन्यात नीट उतरेलच असं नाही. बॅकअपची फाईल नव्यावर चढवताना पीएचपीची (मूडल ज्या भाषेत चालतं ती) मर्यादा आड येते: एका फाईलच्या अपलोडची मुळात २ एमबी आणि पोस्टची, म्हणजे एका वेळी पाठवायच्या एकूण डेटाची, ८ एमबी असते. दोन्ही वाढवून घ्या.

आणि सर्व्हरवाल्याला "चालत नाही" एवढंच कळवू नका. नेमकी वेळ आणि थांबलेली पायरी लिहा, म्हणजे त्याला लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) त्या बिघाडाची ओळ लगेच सापडेल.