रेगेन्सबुर्गला दोन वर्षं राहायला जात आहे. शहर आणि आसपासचा परिसर कसा बघावा?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरपासून नोकरीनिमित्त जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला येताय, आणि 'ते गाव दोन दिवसांत संपतं, शनिवार-रविवार पॅरिस-रोमला ठेवा' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. चार वर्षांपूर्वी मलाही हेच सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं. पहिलं वर्ष विमानतळांवर गेलं. डान्यूब नदीवरच्या ज्या दगडी पुलावरून रोज ऑफिसला जायचो, त्याबद्दल आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं तर मला एक वाक्य धड सांगता आलं नाही.

तो पूल 1135 ते 1146 या काळात बांधलाय. आता त्यावर गाड्या जात नाहीत, फक्त चालणारे आणि सायकली. पलीकडचं श्टाटआमहोफ आज आइस्क्रीम खायला जायचं ठिकाण आहे, पण काही शतकं तिथे चक्क परका मुलूख होता: रेगेन्सबुर्ग हे स्वतंत्र शाही नगर आणि पूल ओलांडला की बव्हेरिया. 1924 साली ते शहरात सामील झालं. पुलाची दंतकथा तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ऐकवेल: पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांची, कुणाचं काम आधी पुरं होतं अशी पैज लागली, मग पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली वगैरे. आत्ताच्या कॅथेड्रलचं काम पूल पुरा झाल्यावर सव्वाशे वर्षांनी सुरू झालं, आणि त्याचे मनोरे तर 1869 साली पूर्ण झाले. इतकी रेंगाळलेली पैज मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

पुलाच्या पायथ्याशी वुर्स्टकुखल नावाची जुनी सॉसेजची खानावळ आहे. मी शाकाहारी, त्यामुळे माझ्या वाट्याला आंबवलेला कोबी आणि गोडसर मोहरीची चटणी. पण तिथे मला खरं धरून ठेवलं ते भिंतीवरच्या पुराच्या खुणांनी. मी सांगलीचा. पावसाळ्यात 'आयर्विन पुलाला किती फूट?' हे विचारत लहानाचा मोठा झालो. इथे डान्यूबची पातळी लोखंडी पुलापाशी मोजतात, सेंटिमीटरमध्ये, आणि जून 2024 मध्ये पाणी चढलं तेव्हा ऑफिसातले सगळे तासातासाला तो आकडा बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला हे गाव ओळखीचं वाटलं. एक सूचना: उन्हाळ्यात नदीतल्या बेटांवर लोक पाय सोडून बसतात, तुम्हीही बसा, पण पुलाच्या खांबांजवळ पोहायला उतरू नका. तिथे भोवरे आहेत.

जुन्या गावात भिंती बघत चाला. कॅथेड्रलच्या मागच्या गल्लीत एका साध्या पांढऱ्या भिंतीत मोठमोठ्या दगडांची कमान दिसेल. ते रोमन छावणीचं दार, इसवी सन 179 च्या सुमाराचं. नंतरच्या बांधकामात ते गडप झालं आणि 1885 साली पुन्हा सापडलं. काही घरांच्या भिंतीत हिब्रू अक्षरांचे दगड बसवलेले आहेत. ते शोभेचे नाहीत. 1519 साली इथल्या ज्यूंना शहराबाहेर हाकललं, त्यांचं प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, पाडलं आणि त्यांच्या कबरींचे दगड लोकांनी घरांना लावले. नॉयप्फारप्लाट्झ या चौकात त्याच सिनेगॉगचा आराखडा दानी काराव्हान या शिल्पकाराने पांढऱ्या काँक्रीटमध्ये जमिनीवर उभा केलाय. कित्येक महिने मी तिथे बसून डबा खाल्ला, आपण कशावर बसलोय हे माहीत नसताना.

जुन्या नगरभवनाची गाईडबरोबरची फेरी मात्र तिकीट काढून कराच. जर्मन साम्राज्याची संसद 1663 पासून 1806 पर्यंत इथेच भरत होती, न संपता. एखादं काम 'लांब बाकावर सरकवणं' असा जर्मनमध्ये वाक्प्रचार आहे आणि तो इथल्या बाकांवरून आला असं गाईड हमखास सांगतात. आपलं भिजत घोंगडं.

नोव्हेंबरमध्ये नदीवरून धुकं येतं आणि दिवसेंदिवस हटत नाही. तेव्हा केपलरच्या घराकडे जा. ग्रहांच्या कक्षांचे नियम मांडणारा हा माणूस थकलेले पैसे वसूल करायला घोड्यावरून इथे आला, तापाने आजारी पडला आणि 15 नोव्हेंबर 1630 ला गेला. पुढे युद्धात त्याची कबरही नाहीशी झाली.

आसपास फिरायला आधी एक जुनी सायकल घ्या. नदीकाठाने साधारण दहा किलोमीटरवर वालहाला आहे: डान्यूबकाठच्या टेकडीवर थेट ग्रीक देऊळ, राजा पहिला लुडविग याने बांधून घेतलेलं, 1842 साली खुलं झालेलं. आत थोर जर्मनांचे अर्धपुतळे आहेत; मला त्यापेक्षा बाहेरच्या 358 पायऱ्यांवर बसून सूर्यास्त बघणं आवडतं.

लांब जायचं तर बायर्न-तिकीट काढा, म्हणजे बव्हेरियाभर चालणारं एका दिवसाचं रेल्वे तिकीट. पाच जणांपर्यंत चालतं, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच, आणि वेगवान गाड्यांना नाही. इथल्या काही गाड्या वाटेत दुभंगतात, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मी प्रागला निघालो होतो आणि चुकीच्या अर्ध्यात डुलकी काढत भलत्याच गावी पोचलो. डब्यावरची पाटी वाचून बसा. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच.

तुम्ही ऑक्टोबरमध्ये येताय, तर सामान लागायच्या आधीच एका रविवारी रेल्वेने जवळच्या झाल (Saal) या गावी आणि तिथल्या स्टेशनवरून बसने केलहाइमला जा आणि वेल्टेनबुर्ग मठाची बोट पकडा. दोन्ही बाजूंना उभे पांढरे कडे, मधून नदी, आणि टोकाला 1050 सालापासून बिअर बनवणारा मठ. हिवाळ्यात बोटी बंद होतात. बाकीचं सगळं मार्चपर्यंत थांबेल.