प्रकाशावर चालणाऱ्या नॅनोसेन्सरवर (रक्तातलं ठरावीक प्रथिन प्रकाशाच्या मदतीने ओळखणाऱ्या अतिसूक्ष्म सेन्सरवर) पीएचडी करायची तर नेमकं काम काय असतं?

प्रकाशाचा भाग त्यातल्या त्यात सोपा. सुमारे २० नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वाधिक शोषतात. कणावर बसवलेल्या अँटिबॉडीला (ठरावीक प्रथिनालाच पकडणाऱ्या रेणूला) हवं ते प्रथिन चिकटलं की हा आकडा किंचित सरकतो; तेच मोजायचं.

वर्षं खातं ते रक्त. त्यात अल्ब्युमिन हे नेहमीचं प्रथिन लिटरमागे ३५ ते ५० ग्रॅम, आणि हृदयविकारासाठी शोधायचं ते ट्रोपोनिन नॅनोग्रॅममध्ये! नको ती प्रथिनंही पृष्ठभागावर येऊन बसतात, खोटा सिग्नल देतात. त्यामुळे बराचसा वेळ पृष्ठभागाच्या रसायनात जातो (भौतिकशास्त्रातून आलेल्यांनी तयारी ठेवावी). गाइड निवडताना हे जरूर विचारा: तुमच्या लॅबमध्ये रुग्णांचे नमुने तपासता की फक्त बफर (रक्तातल्या प्रथिनांची गर्दी नसलेलं साधं द्रावण)?