मागे क्रमांक असलेला सोव्हिएत ‘रेड स्टार’ हा लष्करी सन्मान घेतलाय. तो कोणाला मिळाला होता, हे शोधता येईल का?

येईल, पण नुसत्या क्रमांकावरून घरबसल्या अवघड आहे. कोणता क्रमांक कोणाला दिला, याची नोंदकार्डं मॉस्कोजवळ पोडोल्स्कच्या लष्करी अभिलेखागारात आहेत. सोबत सन्मान मिळालेल्याची पुस्तिका आली असेल तर निम्मं काम झालंच समजा, कारण तिच्यात नाव आणि क्रमांक दोन्ही असतात. मग ‘पामियात नरोदा’ या मोफत संकेतस्थळावर ते नाव रशियन लिपीत टाका. सन्मानासाठीच्या शिफारसपत्राची स्कॅन प्रत बहुतेकदा सापडते. कोणत्या दिवशी, कोणत्या गावाजवळ, किती जखमींना गोळीबारातून बाहेर काढलं, असं त्यात लिहिलेलं असतं. माझ्यासाठी खरा ठेवा हा कागद. चांदी आणि मीनाकाम त्यानंतर.

म्हणून पुस्तिका आणि पदक यांची ताटातूट कधीच करू नका. ‘जर्मनीवरील विजय’ पदक तर जवळपास दीड कोटी लोकांना दिलं गेलं आणि त्यावर क्रमांकच नसतो. प्रमाणपत्र हरवलं की माणूसही हरवला.

‘पॅट्रिऑटिक वॉर’ ही सोव्हिएत ऑर्डर (सन्मानचिन्ह) घेताना जपा. 1985 मध्ये हयात सैनिकांना दिलेली ऑर्डर काही विक्रेते युद्धकाळातली म्हणून खपवतात. आणि रशियात जाऊन खरेदी नकोच. सरकारी सन्मानांची खरेदी-विक्री तिथे गुन्हा आहे.