अ‍ॅसिड घेताना ओळखपत्र: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नव्या फ्लॅटच्या फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला हार्डवेअरच्या दुकानात एक लिटर अ‍ॅसिड मागितलं. दुकानदाराने आधी ओळखपत्र मागितलं, वहीत नाव-पत्ता लिहून सही घेतली, वर ‘कशाला हवंय?’ हेही विचारलं. पॅनकार्ड दाखवलं तर ‘हे चालत नाही’ म्हणाला. शेजारच्या किराणा दुकानात मात्र संडास धुवायची बाटली कोणी काही न विचारता देतं. हा काय प्रकार आहे? (गृहिणी, नाशिक)

उत्तर : दुकानदार नियमाने वागला. असं वागणारे थोडे असतात, म्हणून तो विचित्र वाटला एवढंच.

दिल्लीत २००५ साली लक्ष्मी अग्रवाल या शाळकरी मुलीवर अ‍ॅसिड टाकलं गेलं. तिने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेत १८ जुलै २०१३ रोजी जो आदेश झाला, त्यातून ही वही आली. त्याआधी अडीच महिन्यांवर, मे २०१३ मध्ये, वांद्रे टर्मिनसवर गाडीतून उतरलेल्या तरुणीवर अ‍ॅसिडहल्ला झाला होता आणि महिन्याभरात ती गेली. आपल्याकडे अनेकांना हा नियम त्याच घटनेने आला असं वाटतं. याचिका मात्र त्याच्या सात वर्षं आधीची होती.

आदेशात ग्राहकापुरत्या चार गोष्टी आहेत. सरकारने दिलेलं, फोटो आणि पत्ता दोन्ही असलेलं ओळखपत्र दाखवायचं. कशासाठी हवं ते सांगायचं. नाव, पत्ता आणि किती घेतलं याची नोंद विक्रेत्याने ठेवायची. अठरा वर्षांखालच्या कोणालाही विकायचं नाही. पॅनकार्ड अडलं ते इथेच, कारण त्यावर पत्ता नसतो. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, आधार यातलं काहीही चालतं.

किराणा दुकानातल्या बाटलीचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. आदेशात ‘अ‍ॅसिड’ हा शब्द मोघम आहे. केंद्राने त्याच वर्षी राज्यांसाठी नमुना नियम काढले, त्यांच्या यादीत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ५ टक्क्यांच्या वर असेल तर ते विषारी पदार्थांत धरलंय. संडास धुवायच्या बऱ्याच तयार बाटल्यांच्या लेबलवर साधारण १० टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे नमुना नियम शब्दशः लावले तर त्यांचीही नोंद व्हायला हवी. गल्ल्यावर तसं कोणी करत नाही, हेही खरं. फरक इतकाच, की त्या बाटलीवर निदान टक्केवारी, कंपनी, बॅच नंबर असतो, ते द्रावण घट्ट असतं आणि तोंड निमुळतं असतं. सुट्या बाटलीत ३० टक्के आहे की १२, हे विकणाऱ्यालाही नेमकं ठाऊक नसतं.

प्रश्न : दुकानदाराच्या वहीत आधार क्रमांक लिहून द्यायची भीती वाटते. झेरॉक्सही मागतात. (वाचक, ठाणे)

उत्तर : ओळखपत्र दाखवणं बंधनकारक आहे, झेरॉक्स ठेवून घेणं आदेशात नाही. आधार द्यायचंच तर मास्क्ड आधार डाउनलोड करा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, फोटो-पत्ता तसाच राहतो. मतदार ओळखपत्र हाताशी असेल तर तेच बरं. झेरॉक्स दिलीच तर तिच्यावर आडवं लिहा : ‘फक्त अ‍ॅसिड खरेदीसाठी’, तारीख आणि दुकानाचं नाव.

प्रश्न : माझं रंग-हार्डवेअरचं दुकान आहे. महिन्याला ३५ लिटरचे दोनेक कॅन जातात. वही ठेवतो, पण तपासणीला आले तर नेमकं काय बघतात? (व्यापारी, सातारा जिल्हा)

उत्तर : पहिल्यांदा वही बघत नाहीत. कॅन मोजतात.

वहीत इतके रकाने आखा : अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचं नाव, पूर्ण पत्ता, ओळखपत्राचा प्रकार व क्रमांक, अ‍ॅसिड कोणतं व किती टक्क्यांचं, किती लिटर, कारण, ग्राहकाची सही, शिल्लक. शेवटचा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतोच आणि घोटाळा तिथेच उघडा पडतो. समजा, खरेदीच्या बिलांवर ७० लिटर आहे. वहीत ४१ लिटर विकल्याच्या नोंदी. मग मागच्या खोलीत २९ लिटर असायला हवं, आणि मापलं तर भरतं २४. उरलेल्या पाच लिटरचं काय सांगणार? दर वेळी ‘नेहमीचं गिऱ्हाईक आहे, नंतर लिहू’ म्हणून बाटली दिलेली असते. ती पाच लिटर तीच.

कारणाच्या रकान्यात नुसतं ‘घरगुती’ लिहू नका. ‘संडास सफाई’, ‘फरशीवरचं सिमेंट’, ‘दागिना उजळणे’ असं लिहा. एकाच दिवशी, एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनने भरलेलं अख्खं पान बघणाऱ्याला लगेच कळतं.

वहीशिवाय दोन कामं आहेत. एक म्हणजे साठा जाहीर करणं. आदेशात उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या भाषेत प्रांताकडे, १५ दिवसांत साठा कळवायची अट आहे. कळवला नसेल तर प्रांत तो जप्त करू शकतात आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड लावू शकतात. बाकी कुठलीही अट मोडली तरी दंडाची कमाल मर्यादा तीच. दुसरं, विक्रीचा परवाना. तो नाही आणि वही मात्र चोख आहे, असे दुकानदार भेटतात. त्यांनी स्वतःच्याच हाताने पुरावा लिहून ठेवलेला असतो. अर्ज द्याल त्याची पोच शिक्क्यानिशी घ्या आणि वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा.

एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे सगळं ज्या कायद्याखाली येतं तो विष कायदा १९१९ चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आज त्या पाचशेत कॅनचं भाडं निघणार नाही. म्हणून न्यायालयाचा पन्नास हजारांचा आकडाच व्यापाऱ्याला जाणवतो.

प्रश्न : आमच्या गल्लीत हातगाडीवर पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरून अ‍ॅसिड विकतात. स्वस्त पडतं. घ्यावं का? (वाचक, सोलापूर)

उत्तर : घेऊ नये. ना वही, ना परवाना, ना लेबल. ज्याला कोणाला इजा करायची आहे तोही दुकानात सही करायला जात नाही, याच गाडीवर येतो. नियमाला पडलेलं सगळ्यात मोठं भोक हेच. ऑनलाइन विक्रीचंही तसंच झालं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीतल्या द्वारका भागात शाळकरी मुलीवर हल्ला झाला, ते अ‍ॅसिड ऑनलाइन मागवल्याचं पुढे आलं आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना नोटिसा काढल्या.

घरातला धोका वेगळाच. पाण्याच्या बाटलीतलं अ‍ॅसिड पाण्यासारखंच दिसतं. बाटली मोरीत, सिंकखाली, लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर. झाकण धड बसत नाही, वाफ सुटत राहते आणि दोन महिन्यांत कपाटाच्या बिजागऱ्या, शेजारची स्टीलची पातेली तांबूस पडतात. बिजागरी गंजलेली दिसली की बाटली गळतेय असं समजा.

गाडीवरचा माणूस ‘ब्लिचिंग पावडर टाका, अजून पांढरं होईल’ असंही सांगतो. अजिबात टाकू नका. अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. बंद संडासात दोन श्वासांत छाती धरते.

अंगावर उडालंच तर कपडे लगेच काढा आणि जिथे उडालं तो भाग वाहत्या पाण्याखाली कमीत कमी वीस मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, तूप, खायचा सोडा काहीही लावू नका. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून पाणी सोडा, चांगला डोळा वरच्या बाजूला ठेवा म्हणजे त्यात ओघळ जात नाही. मग दवाखाना. अ‍ॅसिडहल्ला असेल तर सरकारी असो की खासगी, कुठलंही रुग्णालय पैशांसाठी अडवू शकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे उपचार मोफत करायचे असतात. नाकारलं तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली संबंधितांना एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे दोन आकडे फोनमध्ये लिहून ठेवा, काउंटरवर उपयोगी पडतात.

प्रश्न : कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. मुलांना तर पातळ अ‍ॅसिडच देतो. आम्हालाही नोंद लागते का? (प्रयोगशाळा परिचर, लातूर)

उत्तर : लागते. शाळा-कॉलेज, संशोधन संस्था, रुग्णालयं, सरकारी खाती यांनी वापराची वही ठेवून प्रांताकडे द्यायची, साठ्याला एक जबाबदार व्यक्ती नेमायची आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांची, कर्मचाऱ्यांची तपासणी करायची, असं आदेशात स्पष्ट आहे. जबाबदार व्यक्तीचं नाव लेखी आदेशाने नेमून घ्या. ‘तुम्हीच बघा’ असं तोंडी सांगितलं की अडचणीच्या वेळी तुमच्याच गळ्यात येतं.

नोंद मूळ बाटलीची करा, पातळ द्रावणाची नाही. एक मोलरचं (मोलर हे तीव्रतेचं माप) एक लिटर द्रावण करायला ३६ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक सुमारे ८६ मिली लागतं, ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक सुमारे ५४ मिली. हायड्रोक्लोरिकच्या ५०० मिलीच्या बाटलीतून एकदा द्रावण केलं की वहीत शिल्लक ४१४ मिली हवी. बाटलीवर मार्करने पातळीची रेघ आणि तारीख मारली की वही खोटी ठरत नाही. आणि ओतताना पाण्यात अ‍ॅसिड, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. सल्फ्युरिकमध्ये पाणी पडलं तर ते तिथल्या तिथे उकळून अंगावर उडतं.

प्रश्न : मुलगा लंडनला आहे. तुंबलेला पाइप मोकळा करायला तिथे अ‍ॅसिड मिळेना. तिथेही असं काही आहे का? (वाचक, पुणे)

उत्तर : तिथे आणखी कडक आहे. १५ टक्क्यांवरचं सल्फ्युरिक अ‍ॅसिड साध्या ग्राहकाला २०१८ पासून गृहखात्याच्या परवान्याशिवाय घेता येत नाही, नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा. दाहक पदार्थ अठराखालच्या मुलांना विकायलाही बंदी आहे. मुलाला म्हणावं, आधी हाताने ओढायचा रबरी पंप वापर, मग सिंकखालचा वाकडा पाइप उघडून साफ कर. दहा मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला अ‍ॅसिड मागितलं, तर दुकानदाराने नाही म्हटलं. आता? (वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : त्याने तुमची बॅटरी वाचवली. चार्ज होताना बॅटरीतलं पाणी उडतं, अ‍ॅसिड आतच राहतं. म्हणून भर घालायची ती डिस्टिल्ड वॉटरची. अ‍ॅसिड ओतलं की द्रावण तीव्र होतं आणि प्लेटा लवकर खाल्ल्या जातात. घरातल्या आरओचं पाणीही नको, त्यात क्षार उरलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावरच भरा, कारण चार्ज होताना पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरलं तर उतू जाऊन टर्मिनलवर पांढरा थर धरतो.

प्रश्न : मग फरशीवरचे, नळावरचे डाग अ‍ॅसिडशिवाय काढायचे कसे? (बऱ्याच पत्रांतून)

उत्तर : पांढरे डाग बहुधा बोअरच्या जड पाण्याचे क्षार असतात. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडची पूड, त्यांना पुरतं. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम. फडकं भिजवून नळाला वीस मिनिटं गुंडाळा, पुसा, धुवा. संडासच्या भांड्यातलं पाणी आधी ब्रशने आत ढकला, मग हेच द्रावण रात्रभर राहू द्या. पाणी न काढता ओतलं तर द्रावण पातळ होतं आणि ‘काही उपयोग नाही’ असं वाटतं.

सिमेंट हट्टी असतं. ओलं करून प्लास्टिकच्या पट्टीने जितकं निघेल तितकं खरवडा. तरीही अ‍ॅसिडच लावायचं ठरलं तर व्हिट्रिफाइड टाइल्स आधी साध्या पाण्याने चिंब भिजवा, म्हणजे सांध्यांतलं सिमेंट अ‍ॅसिड शोषत नाही. दहा भाग पाण्यात एक भाग अ‍ॅसिड, खिडक्या उघड्या, हातात रबरी मोजे. ब्रश फिरवा, दोन-तीन मिनिटांत भरपूर पाण्याने धुवा, शेवटी बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून पुसा. फेस आला तर अ‍ॅसिड अजून उरलंय.

कडाप्प्याचा ओटा, शहाबादी, कोटा, संगमरवर, मोझॅक यांना मात्र लिंबूसुद्धा लावू नका. हे सगळे चुनखडीचे दगड किंवा त्यांच्याच कपच्या आहेत. ओटा कशाचा आहे ठाऊक नसेल तर गॅसमागच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर डाग मंद, खरखरीत राहिला, तर तिथे फक्त साबण आणि पाणी.