बायफोकल घेण्याआधी

अकरावी विज्ञानाला इलेक्ट्रॉनिक्स हा बायफोकल (म्हणजे व्यावसायिक) विषय घेण्याचे तुझ्या मनात असेल, तर तो २०० गुणांचा असून त्यासाठी द्वितीय भाषा आणि आणखी एक विषय सोडावा लागतो, हे आधी ध्यानात घे. वैद्यकीयचा किंचितही विचार असेल, तर जीवशास्त्र सोडू नकोस. ठाण्यातल्या ज्या महाविद्यालयाचे नाव पसंतीक्रमात घालशील, तिथली प्रयोगशाळा स्वतः पाहून ये आणि मल्टिमीटर (विजेचा दाब व प्रवाह मोजायचे उपकरण) किती आहेत यापेक्षा चालू किती आहेत, ते विचार. आमच्या वेळी चौघांत एकच सोल्डरिंग आयर्न, म्हणजे जोड घालायचे तापते अवजार, असल्यामुळे पहिला महिना मी निव्वळ तारा धरण्यात घालवला (आणि बोटेही भाजून घेतली). आयर्नचे तापलेले टोक ओल्या स्पंजावर पुसून आधी तार व ती जिथे जोडायची ती पट्टी तापवावी, मगच सोल्डर (वितळून जोड घालणारा मिश्रधातू) लावावे. जोड चकचकीत न दिसता धुरकट, गोळीसारखा दिसला, तर तो कच्चा समजावा.

विद्यार्थी मंडळात जरूर जा, मात्र केवळ प्रमाणपत्रासाठी नव्हे. मंडळातर्फे वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्याला भेट ठरली, तर व्यवस्थापकाचे भाषण संपल्यावर यंत्रापाशी उभ्या असलेल्या फिटरला गाठून, तो आयटीआयनंतर तिथवर कसा पोहोचला, हे सविस्तर विचारून घे.