मूळ गाव कोणतं?

प्रश्न : आमच्या चार पिढ्या पुण्यात, कसबा पेठेत गेल्या. आजोबा म्हणायचे, आपण मूळचे कोकणातले. गावाचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. शोध कुठून सुरू करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी माळ्यावरची ट्रंक उपसा. शाळेचा जुना दाखला, लग्नपत्रिका, काहीही चालेल. कुलदैवत कळलं तर दिशा मिळते. मग नाशिक गाठा. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढीजात वह्या असतात. मी गेलो तेव्हा गुरुजींनी पहिलाच प्रश्न टाकला, "मूळ गाव?" मला आडनावापुढे काही सांगता येईना. तीन घरं हिंडलो. चौथ्या घरी, लाल फडक्यात बांधलेल्या वहीत, पणजोबांची मोडीतली सही सापडली. शाई तपकिरी पडलेली. खाली त्यांच्या तीन भावांची नावं. त्यातला एक आम्हाला माहीतच नव्हता!

मोडी वाचणारं कुणी सोबत न्या. तालुक्याच्या कचेरीत कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, यात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. पण गाव कळल्यावरच त्याचा उपयोग. पेशवे दप्तराकडे, म्हणजे पुण्यातल्या पेशवेकालीन कागदांच्या संग्रहाकडे, मात्र लगेच धावू नका, तिथे कोट्यवधी कागदांचा ढीग आहे. आणि नाशिकला गुरुजींपुढे दक्षिणा ठेवायला विसरू नका. मी विसरलो होतो, अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागलं.